मुळशीत कोणाला विचारलं होतं?

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने विषय मोकळा ठेवला. "आठवणी भरपूर जमल्यात, तू जरा वेगळं काहीतरी दे," एवढाच निरोप होता. आपल्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली दोन-तीन वर्षं एक वाद कधी संपतच नाही. सरकारने माणसाच्या आयुष्यात किती नाक खुपसावं, कंपन्यांवर किती विश्वास टाकावा आणि या दोघांच्या मध्ये साध्या माणसाच्या हातात काय उरतं? वादाला तोंड फुटलं की कोणी अमेरिकेचं उदाहरण देतं, कोणी चीनचं. रात्री साडेअकराला कोणीतरी "गुड नाइट" टाकून विषय बंद करतं.

मला इतक्या लांब जायचं नाही. मी हिंजवडीत नोकरी करते, आपल्यातले निदान पंधरा-वीस जण तरी करतात. हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे आपल्यापैकी बहुतेकांना फक्त जमिनीच्या किंवा फ्लॅटच्या कागदांवरच वाचायला मिळतं. याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला शंभर वर्षांपूर्वी हाच वाद झाला. तो टाईप करून नव्हे, खणलेल्या चरांत बसून झाला. व्यक्ती, सरकार आणि कंपनी असे तिघेही त्यात समोरासमोर होते. इतिहास हा माझा प्रांत नाही, मी इंजिनिअर. पण आपल्या इतिहासाच्या बाई म्हणायच्या की सनावळी पाठ करण्याआधी "कोणाचं काय गेलं आणि कोणाला काय मिळालं" हे बघा. तेवढं बघायला पदवी लागत नाही.

आधी कंपनीची बाजू सांगते, कारण ती कमकुवत नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालायच्या. कोळसा लांबून आणावा लागे, महाग पडे आणि शहरभर धूर करी. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस मुबलक आणि कोकणाच्या बाजूला खोल कडा. माथ्यावर पाणी अडवायचं, नळांतून खाली सोडायचं आणि त्या जोरावर जनित्रं फिरवायची, ही कल्पना जमशेटजी टाटांच्या डोक्यात होती. १९०४ मध्ये ते गेले. पुढे टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी १९१० मध्ये उभी राहिली आणि १९१५ मध्ये लोणावळ्याच्या तलावांचं पाणी खोपोलीला उतरून वीज तयार होऊ लागली. त्यानंतर आंध्रा खोऱ्याची योजना आली आणि मग मुळशीची. निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं, मुळेचं पूर्वेला वाहणारं पाणी डोंगर पोखरून पश्चिमेला वळवायचं आणि सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडायचं. इंजिनिअर म्हणून सांगते, योजना देखणी आहे. इंधन लागत नाही, धूर नाही आणि यंत्रं शंभर वर्षं चालतात.

शिवाय ही कंपनी देशी होती. ब्रिटिश भांडवलाच्या नाकावर टिच्चून उभं राहिलेलं घराणं, पोलाद काढणारं, बंगळूरला विज्ञान संस्था उभी करून देणारं. जमशेदपूरच्या कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस आला, तेव्हा युरोपातल्या बऱ्याच कामगारांनाही तो मिळालेला नव्हता. त्यामुळे मुळशीच्या वेळी पुण्या-मुंबईतल्या देशभक्त मंडळींची मोठी पंचाईत झाली. परक्या सरकारशी भांडायची सवय सगळ्यांना होती. इथे सरकारच्या आधाराने गावं बुडवायला निघाली होती ती आपलीच माणसं, आणि कारणही स्वदेशी उद्योगाचं.

सरकारची बाजूही त्या काळात बदलली होती. पहिल्या महायुद्धाने ब्रिटिशांना जाणवलं की हिंदुस्थानात कारखाने नसणं आपल्यालाच महागात पडतं. १९१६ ते १९१८ या काळात औद्योगिक आयोग बसला, त्यात दोराबजी टाटाही सदस्य होते. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड मोठमोठ्या बांधकामांचा माणूस होता. सरकारला वीज हवी होती आणि कंपनीला जमीन हवी होती.

जमीन कोणाची? मुळशी पेट्यातल्या पन्नासच्या आसपास गावांची. खाचरांत आंबेमोहोर पिकवणाऱ्या मावळ्यांची. "मावळे" हा शब्द आपण शाळेत स्नेहसंमेलनाच्या नाटकात वापरला, फेटे बांधून, पुठ्ठ्याच्या तलवारी घेऊन. १९२० मध्ये त्यांचे वंशज त्याच खोऱ्यात भात लावत होते. एक दिवस त्यांच्या शेतांत चर खणायला माणसं आली, तेव्हा त्यांना कळलं की इथे धरण होणार आहे. आधी कोणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं.

इथे थोडं थांबून कायद्याकडे बघू, कारण मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं ते कायद्याच्या वाचनाने. १८९४ चा भूसंपादन कायदा नेटवर मिळतो, एका संध्याकाळी वाचून होतो. आमच्या भाषेत सांगायचं तर तो एक नीट लिहिलेला प्रोग्राम आहे. कलम ४ खाली सरकार जाहीर करतं की या भागातली जमीन लागण्याची शक्यता आहे. त्यानंतर अधिकारी शेतात शिरू शकतात, मोजणी करू शकतात, खणू शकतात. कलम ६ खाली सरकार जाहीर करतं की जमीन सार्वजनिक कामासाठी किंवा कंपनीसाठी हवी आहे. हे जाहीर झालं की तोच त्या गरजेचा अंतिम पुरावा मानायचा. "ही गरज खरी आहे का?" हा प्रश्न तिथे संपतो. पुढे नोटीस, मोजणी, मोबदला आणि जमीन सक्तीने घेतली म्हणून बाजारभावावर १५ टक्के वर. मोबदल्याच्या रकमेबद्दल कोर्टात जाता येतं. "मला द्यायचीच नाही" हे म्हणायला अख्ख्या कायद्यात जागा नाही. संपादनालाच हरकत घ्यायची आणि त्यावर सुनावणी मागायची सोय ५-अ या कलमाने आली ती १९२३ च्या दुरुस्तीत. मुळशीच्या शेतात चर खणले गेले तेव्हा ती नव्हती.

याच कायद्याचा सातवा भाग फक्त कंपन्यांसाठी जमीन घेण्याबद्दल आहे. त्यात "संमती" हा शब्द चक्क आहे. तो वाचून मी सरसावून बसले. पण ती संमती सरकारची आहे. सरकारची आधी संमती असल्याशिवाय आणि कंपनीने सरकारशी करार केल्याशिवाय कंपनीसाठी जमीन घेता येणार नाही, असं कलम म्हणतं. काम लोकांच्या उपयोगाचं आहे याची खात्री सरकारने करायची, लोकांना त्याचा वापर कोणत्या अटींवर मिळेल हे करारात लिहायचं. म्हणजे कंपनी आणि सरकार एकमेकांना विचारतात, एकमेकांना अटी घालतात, सह्या करतात. ज्याच्या पायाखालची जमीन आहे तो या खोलीत नाहीच.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी बायका-मुलांसह सुमारे १,२०० माणसं धरणाच्या जागी जाऊन बसली आणि काम थांबलं. पाठीमागे गांधींच्या असहकाराचं वारं होतं. विनायकराव भुस्कुटे हे पत्रकार गावोगाव फिरून लोकांना उभं करत होते, आणि पारनेरचे पांडुरंग महादेव बापट पुढे आले. हे बापट एकेकाळी एडिंबरोला शिकायला गेले होते आणि पॅरिसमधून बॉम्बची विद्या घेऊन परतले होते. "सेनापती" हे बिरुद त्यांना मुळशीने दिलं. घोषणा होती "जान किंवा जमीन".

कंपनीने काही महिने काम थांबवलं. गांधींनी त्या एप्रिलमध्येच "यंग इंडिया"त लिहिलं की टाटांनी आपल्या कायदेशीर हक्कांवर बोट ठेवण्याऐवजी लोकांशी बोलून त्यांची समजूत पटवावी. मला ही मागणी आजही फार नेमकी वाटते. गांधी कंपनीवर कायदा मोडल्याचा आरोप करत नव्हते. कायदा कंपनीच्या बाजूने होता, आणि गांधींचं म्हणणं त्यापुढच्या गोष्टीबद्दल होतं. एखादी गोष्ट करायला कायदा परवानगी देतो एवढ्याने ती करून टाकायची का, हा प्रश्न त्यांनी एका भल्या घराण्याला विचारला. भल्या घराण्याला विचारला म्हणूनच त्याला वजन आहे. जो मुळातच लुटारू आहे त्याला कोण कशाला समजूत घालायला सांगेल?

बोलणं झालं नाही असं नाही. झालं, पण कोणाशी? इथे मुळशीच्या कथेतली सगळ्यात अवघड गाठ येते, आणि स्थानिक अभिमानाने ती गाळून पुढे जायला नको. खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनीचे कागद मावळ्यांच्या नावावर नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या कर्जं चढत गेली होती आणि मालकी पुण्यातल्या सावकारांकडे गेली होती. मावळे आपल्याच वाडवडिलांची खाचरं कूळ म्हणून कसत होते. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठून कर्जरोखे जाळले होते. कागद काय करू शकतो हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं.

आता मुळशीत दोन प्रकारची माणसं झाली. ज्याच्या नावावर जमीन होती त्याला प्रश्न होता भावाचा. चांगला मोबदला मिळाला तर जमीन दिली, हा त्याच्या दृष्टीने साधा व्यवहार होता आणि त्यात वावगं काही नव्हतं. जो ती कसत होता त्याला भाव कितीही मिळाला तरी हातात फारसं काही येणार नव्हतं, आणि खाचर, घर, देव, शेजार सगळं पाण्याखाली जाणार होतं. त्याला जमीन द्यायचीच नव्हती. आंदोलन याच भेगेवर फुटलं. मालकांची मंडळी मोबदल्याकडे वळली, सत्याग्रह कुळांच्या आणि बापटांच्या अंगावर पडला. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावर इंग्रजीत जे पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच हे जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं आहे. पण ते वाचताना धरणाइतकाच हा कागद आणि कष्ट यांच्यातला झगडाही डोळ्यांसमोर राहतो.

माझ्या रोजच्या कामाचा संबंध मला इथे लागतो. वीस वर्षं मी डेटाबेस बांधते आहे. कोणत्याही प्रणालीत पहिला निर्णय असतो तो रकान्यांचा: कोणाची नोंद ठेवायची आणि कोणत्या नात्याने? "मालक" असा एकच रकाना केला तर कसणारा, राहणारा, वाट वापरणारा, विहिरीवर पाणी भरणारी, यांच्यासाठी पडद्यावर जागाच राहत नाही. त्यांना कोणी मुद्दाम वगळत नाही. ते दिसतच नाहीत. मग कितीही प्रामाणिक अधिकारी त्या पडद्यापुढे बसवा, तो नोंदीतल्या माणसाशीच बोलणार, त्यालाच पैसे देणार आणि काम रीतसर झालं म्हणून घरी जाणार. आम्ही ग्राहकाकडून गावांचा सर्व्हे समजून घ्यायला बसतो तेव्हा मी आता हटकून विचारते, "आणि ज्याचं नाव नाही त्याचं काय?" बैठकीत जरा शांतता पसरते.

काम पुन्हा सुरू झालं तसा सत्याग्रहही पुन्हा सुरू झाला. माणसं चरांत जाऊन बसत, पोलीस उचलून नेत, शिक्षा होत. "काळ"कर्ते शिवराम महादेव परांजपे यांच्यासारखा नामवंत माणूसही या पायी तुरुंगात गेला. बापट तर आतबाहेर करत राहिले. हळूहळू गावं थकली. बाहेरचा पाठिंबा आटला, भातलावणीचे दिवस आले-गेले, मोबदल्याचे कागद एकेका घरी पोचले. शेवटी डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामावरची रेल्वे अडवली, तीही हाती शस्त्र घेऊन. सात वर्षांची शिक्षा झाली. ते सुटले १९३१ मध्ये. त्याच्या आधीच, १९२७ मध्ये, भिऱ्याचं वीजघर सुरू झालं होतं आणि मुंबईला मुळशीची वीज मिळू लागली होती.

मुंबईत दादर-परळच्या बाजूने रेल्वेलगत जाणाऱ्या रस्त्याला आज सेनापती बापट मार्ग म्हणतात. ज्या गिरण्यांसाठी ही वीज हवी होती त्यांतल्या काही याच रस्त्यावर होत्या. आता तिथे काचेचे मनोरे आणि मॉल आहेत. पुण्यातल्या सेनापती बापट रस्त्यावरही कंपन्यांच्या कचेऱ्याच जास्त. नाव ठेवणाऱ्यांनी हे ठरवून केलं नसणार, पण तिथल्या सिग्नलला थांबले की मला गंमत वाटते.

कुळांचं पुढे काय झालं, हा प्रश्न मला फार दिवस सोडत नव्हता, म्हणून एक तारीख सांगते. १९४८ मध्ये मुंबई राज्यात कूळ कायदा झाला आणि त्याच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा "कृषक दिन" ठरला. त्या दिवशी कसत असलेल्या कुळाला जमिनीचा मालक होण्याचा मार्ग खुला झाला. महाराष्ट्रातली कितीतरी शेतकरी घरं त्या तारखेला उभी राहिली, तुमच्या-माझ्या आजोळची धरून. मुळशीच्या खोऱ्यातल्या बुडालेल्या खाचरांवर त्या दिवशी तीस वर्षांचं पाणी होतं. जमीन वर राहिली असती तर तिथल्या अनेक कुळांच्या नावाने सातबारा झाला असता. सेनापती बापट तो दिवस बघायला हयात होते, ७६ वर्षांचे.

स्वातंत्र्यानंतर १८९४ चा कायदा लगेच गेला असेल असं कोणालाही वाटेल. तो राहिला, आणि नेटाने राहिला. कानपूरच्या एका कारखान्यासाठी घेतलेल्या जमिनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीचा माल लोकांच्या उपयोगाचा आहे एवढ्या कारणावर खासगी कंपनीसाठी जमीन घेता येत नाही. लोकांना त्या कामाचा थेट उपयोग दिसला पाहिजे. यावर संसदेने १९६२ मध्ये कायद्यातच दुरुस्ती केली आणि सार्वजनिक उपयोगाच्या उद्योगात असलेल्या कंपनीसाठी वाट पुन्हा मोकळी करून दिली. राज्यकर्ते आपले होते, मतं आपली होती, तरी कलम ४ आणि कलम ६ चा प्रोग्राम जसाच्या तसा चालू होता. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये केला, तोही कोयनेसारखी धरणं होऊन गेल्यावर. मुळशीच्या माणसांच्या वाट्याला पुनर्वसन असं काही आलंच नव्हतं.

अखेर २०१३ मध्ये नवा कायदा झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. यात पहिल्यांदा विचारण्याची सक्ती आली. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के आणि सरकार-कंपनी भागीदारीत घ्यायची तर ७० टक्के बाधित कुटुंबांची आगाऊ संमती हवी. सामाजिक परिणामांचा अभ्यास हवा, त्यावर जाहीर सुनावणी हवी. "बाधित कुटुंब" या शब्दाच्या व्याख्येत जमीन नसलेली पण तिच्यावर तीन वर्षं पोट असलेली माणसंही आली: कूळ, शेतमजूर, वाटेकरी. वाचताना वाटलं, मुळशीचा रकाना अखेर भरला.

मग मी संमतीचं कलम पुन्हा एकदा सावकाश वाचलं. आमच्या धंद्यात ही खोड असते, एक अट दुसऱ्या कोणत्या व्याख्येकडे बोट दाखवते ते तपासायचं. ८० आणि ७० टक्के मोजायचे ते सगळ्या बाधित कुटुंबांचे नाहीत. ते कलम व्याख्येतल्या दोनच उपकलमांकडे बोट दाखवतं: ज्यांची स्वतःची जमीन किंवा इतर स्थावर मालमत्ता घेतली जाते ती कुटुंबं, आणि ज्यांना सरकारने योजनेतून जमीन दिली आहे ती. कूळ आणि शेतमजूर वेगळ्या उपकलमात आहेत. त्यांची नावं पुनर्वसनाच्या यादीत येतात, सुनावणीला ते बोलू शकतात. संमतीच्या मोजणीत ते नाहीत. वर महाराष्ट्राने २०१८ मध्ये दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रकल्पांना या संमतीतून आणि अभ्यासातून सूट द्यायची तरतूद करून घेतली.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं असतं तर दोन अंगठे आणि एक "खूप छान माहिती" एवढं आलं असतं, म्हणून इथे लिहिलं. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी आपली बस ताम्हिणीमार्गे कोलाडला जाणार आहे. पौडच्या पुढे बरंच अंतर गेल्यावर उजव्या हाताला मोठं पाणी दिसायला लागेल, तेव्हा अंताक्षरी दोन मिनिटं थांबवा, असं मी आयोजकांना सांगून ठेवलं आहे. आणि कोलाडला ज्यांना कुंडलिकेत राफ्टिंग करायचं आहे त्यांनी सकाळी लवकर तयार राहा. तिथली नदी वेगाने वाहते ती भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटतं तेव्हाच, आणि ते पाणी मुळशीचं आहे.